ऊसरोपांच्या बुकिंगचा फॉर्म : कामाच्या नोंदी

४ मे २०२५

आष्ट्याजवळ आमची ऊस रोपवाटिका आहे. आडसालीची (पावसाळ्यात लावायच्या उसाची) लागण जुलै-ऑगस्टमध्ये, त्यामुळे रोपांचं बुकिंग मे-जूनमध्ये. ते सगळं भाऊजींच्या फोनवर आणि एका वहीत चालतं. शेतकऱ्याचा फोन येतो तेव्हा भाऊजी ट्रॅक्टरवर असतात. ‘व्हय व्हय, लिहून घेतो’ म्हणतात आणि संध्याकाळपर्यंत वाण विसरतात.

म्हणून वेबपानावर फॉर्म करायचा ठरला. त्यात नाव, गाव, मोबाईल, वाण, क्षेत्र, लागणीचं अंतर आणि रोपं कधी हवीत एवढंच. खाली रोपं किती लागतील आणि ट्रे किती, याचा हिशेब आपोआप दिसावा. भरलेलं गुगल शीटमध्ये जमा व्हावं.

मला येतं ते एवढंच: टॅली, एक्सेल आणि व्हिडिओ बघून शिकलेलं थोडं एचटीएमएल. जावास्क्रिप्ट याच कामात पहिल्यांदा. अडलं की विचारायला पुण्यात मामेभाऊ आहे. तो याच लाईनमधला, पण रात्री साडेनऊच्या आत सापडत नाही. व्हॉट्सॲपवर विचारायचं, फारच अडलं तर स्क्रीन शेअर.

भाऊजींना आधार नंबर आणि सातबाऱ्याचा फोटोही फॉर्ममध्ये हवा होता. नाही म्हटलं. रोपं विकायला आधार कशाला लागतो? आणि एकदा घेतला की सांभाळायची जबाबदारी आपली.

६ मे

‘हिशेब करा’ बटण दाबलं की आकडा डोळ्यांसमोरून पळतो आणि सगळा फॉर्म कोरा होतो. दुपार यातच गेली. हिशेबाची ओळ पाच प्रकारे लिहून बघितली. हिशेबात काही चुकलेलंच नव्हतं.

रात्री स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून भावाला पाठवला. त्याचं उत्तर: “ताई, ह्यात मला ट्यूबलाईट दिसतेय, कोड दिसत नाही.” मग त्याने विचारण्याची रीत घालून दिली. काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, या तीन ओळी. सोबत कोड मजकूर म्हणून, आणि एफ-बारा दाबून उघडणाऱ्या कन्सोलातली (ब्राउझर कोडच्या चुका जिथे दाखवतो तिथली) लाल ओळ जशीच्या तशी कॉपी करून. ‘चालत नाही’ हा शब्द बंद.

तसं लिहायला घेतलं तेव्हा ‘काय झालं’ या ओळीसाठी पहिल्यांदा नीट बघितलं. बटण दाबल्यावर वरच्या पत्त्याच्या पट्टीत पानाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह येत होतं आणि त्यापुढे मी भरलेलं नाव-गाव. म्हणजे फॉर्म सबमिट होत होता! फॉर्मच्या आत ठेवलेल्या बटणाला टाइप दिला नाही तर ब्राउझर त्याला सबमिटचं बटण समजतो, फॉर्म पाठवतो आणि पान नव्याने उघडतं. हिशेबाच्या बटणाला टाइप म्हणून ‘बटन’ लिहिलं, काम झालं. शेवटचं ‘बुकिंग पाठवा’ हे खरंच सबमिटचं, पण तिथे पान उलटू द्यायचं नाही; त्यासाठी सबमिटच्या फंक्शनमध्ये पहिलीच ओळ प्रिव्हेंटडिफॉल्ट.

पट्टीत अजून एक दिसलं. नाव-गाव होतं, मोबाईल नव्हता. मोबाईलच्या चौकटीला आयडी दिला होता, नेम दिला नव्हता. नेम नसलेली चौकट फॉर्मबरोबर जातच नाही. हे आज दिसलं नसतं तर जूनमध्ये बिननंबरची बुकिंगं आली असती.

८ मे

स्क्रिप्टची वेगळी फाईल केली आणि सगळं बंद पडलं. लाल ओळ: ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल’. पानाच्या डोक्यात स्क्रिप्ट लावली होती, ती चालायला लागते तेव्हा खालचं बटण अजून तयारच नसतं. स्क्रिप्टच्या टॅगला डिफर जोडला, म्हणजे पान वाचून झाल्यावरच ती चालते. पाच मिनिटांचं काम, कारण या वेळी लाल ओळ आधी वाचली.

९ मे

दोन चौकटी एकमेकींवर अवलंबून ठेवायच्या होत्या. नेटवर सापडलेलं एक उत्तर उचलून चिकटवलं. लाल ओळ: ‘डॉलर इज नॉट डिफाइन्ड’. ते उत्तर जेक्वेरीचं, म्हणजे जावास्क्रिप्टच्या एका तयार लायब्ररीचं होतं. जेक्वेरी २००६ सालची. डॉलरच्या खुणेने सुरू होणाऱ्या ओळी तिच्या, आणि ती पानात आधी जोडलेली नसेल तर चालत नाहीत. तेवढ्यासाठी ती जोडण्यापेक्षा साध्या जावास्क्रिप्टमध्येच चार ओळी लिहिल्या. उत्तर घेताना त्याची तारीख आणि डॉलर, दोन्ही आधी बघायचं.

११ मे

हिशेब. हा भाग सविस्तर लिहिते, कारण गणित सोपं असूनही सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पाच बाय दोन फुटांवर लागण केली तर एका रोपाला दहा चौरस फूट, म्हणजे एकरी ४,३५६ रोपं. चार बाय दोनला ५,४४५. आमच्या ट्रेत ४२ कप; भागाकार करून वरच्या पूर्ण आकड्यावर न्यायचा, कारण अर्धा ट्रे देत नाही. क्षेत्रासाठी एकच चौकट ठेवली होती, ‘क्षेत्र (एकर)’.

शेजारच्या काकांना फोनवर भरून बघा म्हटलं. त्यांचं रान एक एकर वीस गुंठे. त्यांनी लिहिलं १.२०. हिशेब आला ५,२२८ रोपं. हवीत ६,५३४. एकराचे गुंठे ४०, त्यामुळे एक एकर वीस गुंठे म्हणजे दीड एकर. काकांच्या १.२० मधला टिंब हा दशांश नाहीच, एकर आणि गुंठे वेगळे दाखवायची ती खूण आहे. कॉम्प्युटरने त्याला एक पूर्णांक दोन दशांश धरलं आणि तेराशे रोपं कमी केली. लागण चालू असताना हे कळलं असतं तर मजूर बांधावर बसून राहिले असते.

मग म्हटलं, टिंबाच्या पुढचे गुंठे धरावेत. पण भाऊजी दीड एकराला १.५ लिहितात आणि काका एक एकर पाच गुंठ्यांना १.५ लिहितात (विचारलं, खरंच लिहितात). आणि सातबारा समोर ठेवून भरणारा ०.६० लिहिणार, कारण तिथे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं; साठ आर म्हणजे जवळपास दीड एकर. तीन माणसं, एकच चौकट, तीन अर्थ. कुठलाही कोड यातून बरोबर अर्थ काढू शकत नाही.

दोन चौकटी केल्या: एकर आणि गुंठे. हेक्टर घेतलाच नाही.

१२ मे

दोन चौकटी झाल्या आणि काकांच्या रानाला ४,३७,७७८ रोपं आली. ट्रे १०,४२४. भाऊजी म्हणाले, “वहिनी, ही लावायची का पेरायची?”

भावाला विचारायच्या आधी, त्याने सांगितलं होतं तसं, नवीन कोरं पान घेतलं. त्यात फक्त दोन चौकटी, एक बटण आणि हिशेबाची एक ओळ. बाकी गाव, वाण, रंगरंगोटी काही नाही. आणि प्रत्येक पायरीचा आकडा कन्सोलात छापला. एकर गुणिले ४०: चाळीस, बरोबर. अधिक गुंठे: ४०२०. तिथेच सापडलं. चौकटीतून येणारी किंमत आकड्यासारखी दिसली तरी मजकूर असते. गुणाकाराला जावास्क्रिप्ट मजकुराचा आकडा करून घेते, त्यामुळे पहिली पायरी सुटली. अधिकच्या एका बाजूला मजकूर असला की मात्र ती बेरीज करत नाही, दोन्ही शेजारी चिकटवते. चाळीसला वीस चिकटले, चार हजार वीस गुंठे झाले.

चौकट वाचताक्षणीच ‘नंबर’ने आकडा करून घ्यायचा, हिशेबाच्या ओळीत नाही. मजकुराचा आकडा करणारं दुसरं फंक्शन, पार्सइंट, वापरून बघितलं, पण गुंठे रिकामे सोडले की ‘नॅन रोपं’ असं छापून येतं (नॅन म्हणजे ‘हा आकडा नाही’). ‘नंबर’ रिकाम्या चौकटीचा शून्य करतो, गुंठ्यांना आपल्याला तेच हवं. एकर आणि गुंठे दोन्ही शून्य असले तर मात्र वेगळं अडवावं लागलं.

भावाला प्रश्न पाठवायची वेळच आली नाही. छोटं पान केलं की निम्म्या वेळा असंच होतं.

१६ मे

वाण लिहायला चौकट दिली तर लोक ‘८६०३२’, ‘८६-०३२’, ‘शहाऐंशी बत्तीस’, ‘नेहमीचा’ काहीही लिहितात. फुले २६५ हाच को-एम ०२६५, पण शीटमध्ये दोन वेगळे वाण दिसणार. म्हणून यादी केली. यादीतली पहिली ओळ ‘वाण निवडा’, आणि वाण भरणं सक्तीचं. तरी चाचणीत वाणाच्या जागी ‘वाण निवडा’ असंच आलं. पर्यायाला वेगळी किंमत दिली नाही तर त्यावरचा मजकूरच किंमत होतो. ब्राउझरच्या लेखी वाण निवडलेला होता. पहिल्या ओळीला रिकामी किंमत दिली, मग अडवायला लागला.

२० मे

मोबाईल नंबर. दहा आकडी, पहिला सहा ते नऊमधला, असा पॅटर्न लावला. माझ्या फोनवर व्यवस्थित. सासूबाईंच्या फोनवर कीबोर्ड मराठी, त्यातून ९८... असे देवनागरी अंक आले आणि ब्राउझरने इंग्रजीत कसलीतरी तक्रार केली. सासूबाई म्हणाल्या, नंबर तर बरोबर आहे. बरोबरच होता. पॅटर्नमधले शून्य ते नऊ हे फक्त इंग्रजी अंक. क्षेत्राच्या चौकटीतही हेच: ‘नंबर’ला देवनागरी २० दिला की ‘नॅन’.

मराठी शेतकऱ्याने मराठी फॉर्ममध्ये मराठी अंक लिहायचे नाहीत, हे त्यांना सांगणं मला पटेना. बदल फॉर्ममध्ये केला. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि पुढे ओळीने नऊपर्यंत २४१५. म्हणजे देवनागरी अंक सापडला की त्याच्या क्रमांकातून २४०६ वजा करायचे, उरतो तो इंग्रजी अंक. एका रिप्लेसचं काम.

तरी चालेना. बदल सबमिटच्या फंक्शनमध्ये लिहिला होता. कन्सोलात छापायला लावलं तर काहीच छापून येईना. फंक्शनला हाकच जात नव्हती. भावाने सांगितलं, ब्राउझर आधी पॅटर्न तपासतो आणि तिथे नापास झालं तर सबमिटची घटना घडतच नाही. माझा दुरुस्तीचा कोड कुलपाच्या आत आणि किल्लीही आत. अंक बदलायचं काम इनपुटच्या घटनेवर नेलं, म्हणजे टाईप होता होताच बदलतात.

चौकटीचा टाइप ‘नंबर’ ठेवला नाही. मोबाईल नंबर ही काही बेरीज-वजाबाकीची संख्या नव्हे. टाइप ‘टेल’, आणि एकर-गुंठ्यांना साधा मजकूर व इनपुटमोड न्युमरिक, म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड वर येतो. गुंठे चाळीस किंवा जास्त असले तर सूचना. तेवढी ओळ स्क्रिप्टमध्ये.

२२ मे

मे महिन्यातच असा पाऊस. लाईट नाही, काम नाही. रोपवाटिकेत ट्रेमधलं पाणी काढण्यात दिवस गेला.

२४ मे

शीटला जोडणी. गुगल शीटमागे ॲप्स स्क्रिप्ट लिहिता येते आणि तिला वेबचा पत्ता मिळतो. फॉर्म त्या पत्त्यावर माहिती पाठवतो. एक ध्यानात ठेवावं: स्क्रिप्टमध्ये बदल करून सेव्ह केलं एवढ्याने बदल लागू होत नाही. डिप्लॉयमेंटमध्ये जाऊन नवी आवृत्ती काढायची, नाहीतर जुनीच चालत राहते. हे माहीत होईपर्यंत मी बरोबर कोड बदलून चुकीचा करत होते.

फेच या फंक्शनने जेसनमध्ये (माहिती मजकूर म्हणून मांडायच्या एका पद्धतीत) माहिती पाठवली, तर कन्सोलात सीओआरएसची, म्हणजे दुसऱ्या साइटशी बोलण्याच्या परवानगीची, लाल ओळ. नेटवर उपाय: मोड ‘नो-कॉर्स’ करा. केलं. लाल ओळ गेली, शीटमध्ये नोंद आली. भारी वाटलं, झोपले.

२७ मे

भारी नव्हतं. पाहुण्यांपैकी चौघांना खरोखर भरायला लावलं, तर एकेकाच्या तीन-तीन नोंदी. प्रत्येकाला ‘बुकिंग झालं नाही, पुन्हा प्रयत्न करा’ असं दिसत होतं. आज्ञाधारक माणसं, पुन्हा पुन्हा प्रयत्न केला.

कारण भावाने स्क्रीन शेअरवर दाखवलं. ‘नो-कॉर्स’ने अडचण सुटत नाही. माहिती जाते, पण आलेलं उत्तर ब्राउझर आपल्याला वाचू देत नाही. उत्तर ‘ओके’ आहे का असं विचारलं की कायम ‘नाही’ येतं, नोंद झालेली असली तरी. माझा कोड त्या ‘नाही’वर विश्वास ठेवून लोकांना पुन्हा दाबायला सांगत होता.

मुळातली गोष्ट अशी: जेसन म्हणून पाठवायचं म्हटलं की ब्राउझर आधी परवानगी विचारणारी एक वेगळी विनंती पाठवतो, आणि ॲप्स स्क्रिप्टमध्ये त्या विनंतीला उत्तर देण्याची सोय नाही. साध्या फॉर्मसारखी माहिती पाठवली तर तो आधी विचारत नाही. म्हणून जेसन काढलं, फॉर्मडेटावरून यूआरएल-सर्चपॅरम्स केलं (साध्या फॉर्मसारखी नाव-किंमत जोड्यांची मांडणी), हेडर एकही लावला नाही, ‘नो-कॉर्स’ काढलं. तिकडे स्क्रिप्टमध्येही वाचायची ओळ बदलली. आता उत्तर वाचता येतं.

शिवाय पाठवताना बटण बंद करून त्यावर ‘पाठवतोय...’ लिहिलं. ते पुन्हा चालू करायची ओळ फायनलीमध्ये, म्हणजे पाठवणं जमो वा न जमो, शेवटी चालणाऱ्या भागात ठेवली. यशाच्या फांदीत ठेवली असती तर नेट गेल्यावर बटण कायमचं मेलं असतं, आणि आमच्याकडे नेट जातंच.

१ जून

गिटहब पेजेसवर (कोड ठेवून त्याचं वेबपान दाखवणाऱ्या सेवेवर) पान चढवलं, फुकट. कोड सगळ्यांना दिसणार हे धरूनच चढवायचं; चाचणीच्या फाईलमध्ये पाहुण्यांचे खरे नंबर होते, ती आधी काढून टाकली. लिंक गावातल्या ग्रुपवर टाकली.

२ जून

‘पाठवा दाबतोय, काही होत नाही’ असा फोन. लॅपटॉपवर सगळं ठीक. फोनमध्ये एफ-बारा कुठून आणायचं? अँड्रॉइडवर डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डिबगिंग चालू करून केबल लॅपटॉपला लावायची आणि लॅपटॉपच्या क्रोममध्ये ‘इन्स्पेक्ट’चं पान उघडायचं, फोनमधल्या पानाचं कन्सोल तिथे दिसतं. फोन यादीत येईचना. केबल फक्त चार्जिंगची निघाली, डेटाची नव्हती. सांगलीला माणूस जाणार होता, त्याच्याकडून मागवली. १८० रुपये, आणि अख्खा दिवस. या प्रकल्पातला हा एकमेव रोख खर्च.

३ जून

कालच्या फोनचं कारण सापडलं. ब्राउझरची इंग्रजी सूचना लोकांना कळत नाही म्हणून सेटकस्टमव्हॅलिडिटी वापरून ‘दहा आकडी मोबाईल नंबर लिहा’ अशी मराठी सूचना लावली होती. एकदा ती लावली की चौकट चुकीचीच समजली जाते, पुढे नंबर बरोबर लिहिला तरी. रिकामा मजकूर देऊन ती पुसावी लागते. मी पुसत नव्हते. पहिल्या फटक्यात बरोबर नंबर लिहिणाऱ्याचा फॉर्म जायचा, एकदा चुकलेल्याचा कधीच नाही. लॅपटॉपवर मी नेहमी बरोबरच नंबर टाकत होते, म्हणून दिसलं नाही. इनपुटच्या घटनेत, अंक बदलतो त्याच जागी, आधी सूचना पुसायची ओळ टाकली.

५ जून

बुकिंग येतंय. भाऊजी अजून वहीतही लिहितात; लिहू देत, ताळा जुळतो.

एकाने गावाच्या जागी ‘तुमच्याच शेजारी’ लिहिलंय. त्याला कोड नाही, फोन केला.

राहिलेलं काम: रोपं हवीत त्या तारखेला आजच्या आधीची तारीख चालते. किमान तारीख आजची लावली होती, पण टूआयएसओस्ट्रिंगने काढलेली तारीख जागतिक वेळेची असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे साडेपाचच्या आत फॉर्म उघडला तर ‘आज’ म्हणजे काल. पहाटे पाचला मोटर चालू करायला उठणारे लोक आहेत, त्यामुळे हे दुरुस्त करायलाच हवं. दुसरं, गाडीवाल्याला गावांप्रमाणे यादी हवी आहे. ती शीटमध्येच लावून देईन, फॉर्मला हात लावणार नाही.